बरा झालेला घोडा

‘बरा’ हा आपल्या भाषेंतील एक फार सोयीचा शब्द आहे. ताप उतरला कीं मनुष्य बरा होतो. पाऊस वेळेवर पडला कीं पीक बरें येतें. आणि जें फारसें चांगलें नसतें पण चालण्यासारखें असतें, त्यासहि आपण ‘बरें आहे’ असेंच म्हणतों. रोग नाहींसा होणें आणि काम चालण्यासारखी स्थिति येणें, या दोन अगदीं भिन्न गोष्टी या एका शब्दाच्या पोटांत सुखानें नांदत असतात. मनुष्याच्या बाबतींत यामुळें फारसें बिघडत नाहीं; कारण आपण खरोखर बरे झालों कीं नाहीं, हें तो स्वतः बोलून दाखवूं शकतो. परंतु ज्यास वाचा नाहीं त्याच्या बाबतींत ‘बरा झाला’ हा निर्णय दुसऱ्यानें द्यावयाचा असतो, आणि हा दुसरा बहुधा तोच असतो, ज्याचें काम अडलेलें असतें. वादी आणि न्यायाधीश एकच असला म्हणजे न्यायाचें जें होतें, तेंच येथेंहि होण्याचा संभव असतो. या प्रश्नाचा विचार घोड्यांच्या एका रोगाच्या निमित्तानें करण्याचें मीं योजिलें आहे. विषय वाचकांस किंचित् चमत्कारिक वाटेल. परंतु नीतिशास्त्रांतील कित्येक प्रश्न ग्रंथांपेक्षां तबेल्यांत अधिक स्वच्छ दिसतात, असा माझा अनुभव आहे.

माझें बालपण दक्षिण महाराष्ट्रांतील एका तालुक्याच्या गांवीं गेलें. १९८० च्या सुमारास तेथें स्टेशनपासून पेठेपर्यंत जावयास टांग्यावांचून दुसरें साधन नव्हतें म्हटलें तरी चालेल. आमच्या आळींतील अकरा घरांचीं मुलें एका टांग्यांतून दोन खेपांत शाळेंत जात. टांगेवाल्यांस आम्ही सर्व मुलें ‘चाचा’ म्हणत असूं. त्यांचा घोडा कुमैत रंगाचा, कपाळावर पांढरा चांद असलेला, अंगानें लहानसा पण चालीस मोठा गोड होता. चाचा त्यास रोज पहांटे स्वतः खरारा करीत, आणि तोबरा बांधल्यावर तो दाणे चावीत असतां त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहत. त्यांचें घोड्यावर प्रेम नव्हतें असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.

एका पावसाळ्याच्या अखेरीस तो घोडा झडूं लागला. चंदी खाई, पण ती अंगीं लागेना. दोन दिवस अंग तापे, चार दिवस निवे, आणि पुन्हा तापे. पोटाखालीं व मागल्या पायांवर सूज आली. मग एके सकाळीं शाळेच्या वळणावर त्याचा एक मागचा पाय दुसऱ्यांत अडकला आणि टांगा कलंडतां कलंडतां राहिला. गुरांच्या डॉक्टरांनीं त्याच्या कानाच्या शिरेंतील रक्ताचा थेंब कांचेवर घेऊन दुर्बिणीखालीं पाहिला आणि ‘सर्रा’ असें निदान केलें. औषधाचे पैसे माझ्या वडिलांनीं दिले. ते शाळामास्तर होते आणि पगार बेताचा होता. तरी त्यांनीं ते परत मागितले नाहींत. सुई टोंचली तेथें मानेवर मोठी गांठ उठली व घोडा चार दिवस मान हलवूं देईना. परंतु ताप उतरला, सूज ओसरली, आणि तीन आठवड्यांत त्याच्या अंगावर पुन्हा तुकतुकी आली. सर्व आळी म्हणूं लागली, ‘घोडा बरा झाला.’

डॉक्टरांनीं मात्र निक्षून सांगितलें होतें कीं, तीन-चार महिने यास जुंपूं नये आणि मधून मधून रक्त तपासून घ्यावें. रोग मेंदूपर्यंत पोंचला असेल तर तो उलटेल. ज्याची चूल रोजच्या भाड्यावर पेटते त्यास तीन-चार महिने म्हणजे काय, हें सांगावयास नको. चाचा वडिलांचा सल्ला घ्यावयास आले. ओटीवर झालेलें तें बोलणें मीं आंतून ऐकलें. वडील म्हणाले, “चाचा, आज घोडा बरा दिसतो आहे. आजच बाजार दाखवा आणि दुसरा घ्या. उद्यांचें कोणीं पाहिलें आहे?” चाचा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. पुढच्या बाजारीं घोडा विकला गेला.

पुढें उन्हाळ्याच्या सुटींत मी मामांच्या गांवीं गेलों असतां चुन्याच्या भट्टीपाशीं एका छकड्यास जुंपलेला तोच घोडा पाहिला. कपाळावरच्या चांदामुळें ओळखण्यांत चूक होण्यासारखी नव्हती. उजवा मागचा पाय तो उचलीत नव्हता, फरपटत होता. त्या खुराची पुढली कड झिजून गेली होती. डोकें एका अंगास कललेलें होतें. छकडेवाला त्यास मारीत नव्हता. ‘चल बाळा, चल,’ असें म्हणत तो स्वतःच चाकास खांदा लावीत होता. त्या मनुष्यास मला दोन शब्द सांगतां आले असते. मी अकरा-बारा वर्षांचा होतों. परंतु घोड्यास काय झालें आहे हें त्या भट्टीवर एकट्या मलाच ठाऊक होतें. मी बोललों नाहीं. कारण बोललों असतों तर वडिलांचें नांव निघालें असतें.

या गोष्टीस आज चार तपें होत आलीं. मधल्या काळांत मीं या रोगाविषयीं जें मिळेल तें वाचलें. आणि वाचतां वाचतां असें दिसून आलें कीं, आमच्या ओटीवर झालेली चूक ही केवळ आमची नव्हती. या रोगाच्या सबंध इतिहासांत ती वेगवेगळ्या रूपांनीं वावरत आलेली आहे.

‘सर्रा’ हें नांव सडण्याचा अर्थ असलेल्या हिंदी शब्दावरून पडलें असें मानतात. १८८० मध्यें, तेव्हां पंजाबांत व आज पाकिस्तानांत असलेल्या डेरा इस्माइल खान येथें घोडे व उंट या रोगानें मरत होते, म्हणून ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श पशुवैद्यास तपासासाठीं धाडण्यांत आलें. त्यानें आजारी जनावरांचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, तों रक्तपेशींच्या गर्दींत चाबकासारखें वळवळणारे सूक्ष्म जीव त्यास दिसले. तें रक्त निरोगी जनावरांस टोंचलें असतां त्यांसहि तोच रोग जडतो, हेंहि त्यानें पाहिलें. रोगकारक ठरलेला ट्रायपॅनोसोम जातीचा हा पहिलाच जीव होय. परंतु तत्कालीन जाणत्यांस हें पटेना. तसलेच जीव टिमोथी लुइस यास १८७८ मध्यें उंदरांच्या रक्तांत सांपडले होते आणि त्या उंदरांस कांहींच झालेलें दिसत नव्हतें. तेव्हां हे जीव रोगाचें कारण नसून रक्तांतले निरुपद्रवी सोबती असावेत, असें मत प्रबळ होतें. इव्हान्स दीर्घायुषी होता. वयाची शंभरी ओलांडून तो १९३५ मध्यें वारला, आणि आपलें म्हणणें सर्वमान्य झालेलें पाहण्याचें भाग्य त्यास लाभलें.

या इतिहासांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. ब्रह्मदेशांत खेचरांमध्यें हाच रोग तपासून त्या जीवास इव्हान्सचें नांव देणारा जॉन हेन्री स्टील हा १८८६ मध्यें मुंबईस निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा पहिला प्रमुख झाला. १८८९ च्या डिसेंबरांत पुण्याच्या सायन्स कॉलेजांत सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. तिचा प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यानें घोड्यांच्या सर्र्यावर जीं संशोधनें केलीं, त्यांचा अहवाल १८९३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं ती प्रयोगशाळा हिमालयांत मुक्तेश्वर येथें गेली.

रोगाची रीत अशी आहे. एका मिलिमीटरच्या सुमारें चाळिसाव्या हिश्श्याएवढा हा जीव रक्तांत पोहत असतो. गोमाशीसारखी मोठी चावरी माशी एका जनावरास डसते. तें शेंपटी झाडतें. अर्धवट राहिलेलें जेवण पुरें करण्यास माशी शेजारच्या जनावराकडे जाते, आणि तिच्या सोंडेवरच्या ओल्या रक्तांतून रोग तिकडे पोंचतो. आपल्या देशांत गाई-म्हशी पुष्कळदां हा जीव अंगांत घेऊन निवांत रवंथ करीत असतात; घोड्यास मात्र तो बहुधा मारकच ठरतो. शरीर त्याच्याशीं झुंजावयास सिद्ध होतें, तों हा आपलें बाह्य आवरणच बदलतो; शरीरास नवा शत्रु आला असें वाटतें, आणि झुंज पहिल्यापासून सुरू होते. तापाच्या लाटा येतात व ओसरतात त्या यामुळें. शेवटीं कांहीं जीव मेंदूंत व त्याच्या वेष्टनांत शिरतात. मग घोड्याची कंबर ढळते, मागचे पाय आपल्या ताब्यांत राहत नाहींत, तो एका अंगास झुकतो, आणि कधीं एकाच जागीं गरगर फिरतो.

येथें निसर्गाची एक योजना आडवी येते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें एक बारीक आडोसा आहे. पॉल एर्लिख यानें १८८५ च्या सुमारास जनावरांच्या रक्तांत रंग सोडून पाहिले, तेव्हां बाकीचीं इंद्रियें रंगलीं, पण मेंदू कोराच राहिला. विषारी द्रव्यांपासून मेंदूचें रक्षण करणारा हा आडोसा औषधांसहि आंत येऊं देत नाहीं. पुढें अशाच रंगद्रव्यांच्या अभ्यासांतून पहिल्या महायुद्धाच्या काळांत जर्मनींत बायर कंपनीचें ‘२०५’ नांवाचें औषध निघालें. कंपनीनें त्याची घटना गुप्त ठेविली. ती पॅरिसच्या फुर्नो यानें १९२४ मध्यें उघड केली. हेंच औषध पुढें सुरामिन म्हणून प्रसिद्ध झालें. त्यानें रक्तांतले जीव मरतात. आडोशापलीकडचे मात्र राहतात. १९४९ मध्यें इंग्लंडांत प्रसिद्धीस आलेलें आणि आपल्याकडे आजहि प्रचारांत असलेलें क्विनापायरामिन हें औषधहि मेंदूंत पुरेसें पोंचत नाहीं. मुक्तेश्वरच्या एडवर्ड्स यानें घोड्याच्या पाठीच्या कण्यांतील पोकळींत सुई घालून आडोशाच्या आंत औषध नेण्याचे प्रयोग केले व ते १९२६ मध्यें प्रसिद्ध केले. ही शर्थ खरी. पण ती दर गांवच्या तबेल्यांत करतां येण्याजोगी नव्हे.

तात्पर्य हें कीं, औषध दिल्यावर रक्त स्वच्छ होतें, ताप जातो, कांति परत येते, दुर्बिणीखालीं कांहींहि दिसत नाहीं. आणि तरी घोडा बरा झालेला असतोच असें नाहीं. कित्येक आठवड्यांनीं, कधीं महिन्यांनीं, मेंदूच्या आश्रयास राहिलेले जीव पुन्हा रक्तांत उतरतात. इव्हान्सच्या काळच्या विद्वानांनीं डोळ्यांस दिसत होतें त्यावर विश्वास ठेविला नाहीं. आमच्या आळीनें डोळ्यांस दिसत होतें तेवढ्यावरच विश्वास ठेविला. दोन्ही चुका उलट दिशांच्या दिसतात, पण मूळ एकच आहे. सत्य काय आहे यापेक्षां आपणांस काय सोयीचें आहे, हें दोन्ही ठिकाणीं आधीं ठरलें होतें. इव्हान्सचें म्हणणें खरें मानलें तर स्थिर झालेलें मत सोडावें लागलें असतें. डॉक्टरांचें खरें मानलें तर चार महिन्यांची चंदी पोसावी लागली असती.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपण घोड्यास औषध देतों तें कोणासाठीं? महाभारतांत द्रोणपर्वांत एक प्रसंग आहे. जयद्रथाच्या वधासाठीं निघालेल्या अर्जुनाचे घोडे ऐन रणांत थकतात. अर्जुन पायउतार होऊन शत्रूस थोपवून धरतो, बाणानें जलाशय निर्माण करतो, आणि श्रीकृष्ण घोडे सोडून त्यांच्या अंगांतील बाण उपटतो, त्यांस चोळतो, पाणी पाजतो, आणि मग पुन्हा रथास जोडतो. भोंवतीं सैन्य उभें असतां प्रत्यक्ष भगवान् मोतद्दार झालेला आहे, या चित्राचें मला लहानपणापासून वेड आहे. परंतु ती सेवा कशासाठीं होती? सूर्यास्तापूर्वीं रथ पुढें नेण्यासाठींच ना? होय, आणि तरीहि ती सेवा खोटी ठरत नाहीं. उपयोगासाठीं केलेली शुश्रूषा ही शुश्रूषाच आहे. घोडा आपल्या उपयोगी पडतो आणि आपण त्याचें पालन करतों, या व्यवहारांत मला पाप दिसत नाहीं. पाप सुरू होतें तें, उपयोग संपतो तेथें शुश्रूषाहि संपते तेव्हां. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण कृतघ्न रोग्यास उद्देशून वापरतों. घोड्याच्या बाबतींत ती उलटी होते: गरज सरो, रोगी मरो.

प्लुटार्कनें रोमन सेनानी केटो याच्या चरित्रांत त्यास याच गोष्टीबद्दल दोष दिला आहे. केटोसारखा करारी आणि निःस्पृह पुरुष. पण म्हातारे झालेले गुलाम विकून टाकावेत असा त्याचा शिरस्ता होता, आणि स्पेनच्या मोहिमेंत ज्या घोड्यावर तो बसला, तो घोडाहि त्यानें परत येतांना तेथेंच सोडला. कां, तर गलबताच्या भाड्याचा बोजा सरकारावर पडूं नये! प्लुटार्कचा अभिप्राय असा कीं, न्याय हा माणसामाणसांतला असतो, पण दया त्याहून विस्तीर्ण आहे. आपल्या कामांत म्हातारा झालेला बैल आपण तरी विकणार नाहीं. अथेन्सचें मोठें देवालय बांधतांना राबलेल्या खेचरांस लोकांनीं मोकळें सोडलें होतें व त्यांतील एकाचें पोषण सरकारी खर्चानें करण्याचें ठरविलें होतें, हेंहि तो सांगतो. पुढें अठराव्या शतकांत कांटनें, पशूंविषयीं आपलें प्रत्यक्ष कर्तव्य नाहीं, पण त्यांच्याशीं निर्दय होणारा माणसांशींहि निर्दय होतो म्हणून दया पाळावी, असें प्रतिपादिलें. कांटबद्दल मला अतिशय आदर आहे. परंतु चुन्याच्या भट्टीपाशीं उभा असतां, घोड्याशीं असें वागल्यानें माझ्या वडिलांचा स्वभाव कठोर होईल, ही चिंता माझ्या मनास शिवलीहि नव्हती. जो पाय फरपटत होता तो घोड्याचा होता. अन्याय त्याचा झाला होता.

यावर असा आक्षेप येईल कीं, हें सर्व पोट भरलेल्यांचें तत्त्वज्ञान आहे. चाचांनीं काय करावें असें तुमचें म्हणणें? घोड्यास चार महिने पोसून मुलांस उपाशीं ठेवावें? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. चाचांस दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु आक्षेप जेवढा वाटतो तेवढा दूर जात नाहीं. गरिबीनें ऋण नाहींसें होत नाहीं. त्या ऋणाचे वांटेकरी वाढतात, एवढेंच. त्या टांग्यांत अकरा घरांचीं मुलें बसत होतीं. घोडा चाचांचा असला तरी त्याचे पाय आम्ही सर्व वापरीत होतों. चार महिन्यांची चंदी अकरा घरांत वांटली असती तर कोणाच्याहि ताटांतला घांस कमी झाला नसता. हें कोणास सुचलें नाहीं. माझ्या वडिलांस सुचला तो मार्ग चाचांची अडचण सोडविणारा होता खरा. पण ती अडचण त्यांनीं नाहींशी केली नाहीं, ती उचलून एका अनोळखी छकडेवाल्याच्या अंगणांत नेऊन ठेविली, आणि तिच्याबरोबर त्याच्या व शेजाऱ्यांच्या जनावरांस गोमाशीच्या सोंडेंतून पोंचूं शकणारा रोगहि दिला. माझे वडील दयाळू होते. त्यांची दया ज्यांस ते ओळखत होते त्यांच्यापाशीं थांबली. बहुतेकांची तेथेंच थांबते. आणि म्हणूनच केवळ दयेवर भागत नाहीं, सत्यहि लागतें. बाजारांत उभें राहून ‘यास सर्रा झाला होता, औषध दिलें आहे, अजून खात्री नाहीं’ एवढें वाक्य बोलणें, हाच येथें धर्म होता. त्यानें किंमत उतरली असती. पण मग जो तोटा झाला असता तो दिसता तोटा असता, आणि दिसता तोटा वांटून घेतां येतो.

उपयोगाच्या लोभानें जशी चूक होते, तशी चूक उलट बाजूनेंहि होते, आणि ती सात्त्विक दिसत असल्यामुळें अधिक फसवी असते. मेंदूंत शिरलेला रोग हटत नाहीं, घोडा उभा राहूं शकत नाहीं, कुशीवर पडून अंगास जखमा पडल्या आहेत. तरीहि सुईमागून सुई देत राहणारा मालक मीं पुढें पाहिला आहे. ‘मीं शेवटपर्यंत सोडलें नाहीं,’ हें समाधान तो घोड्याच्या वेदनेच्या किमतीवर विकत घेत असतो. मनुष्य रोगी कडू औषध सोसतो, कारण त्यापुढचा उद्यां त्यास सांगतां येतो. घोड्यास उद्यां नाहींच असें मी म्हणत नाहीं; परंतु मानेवरच्या गांठीचा आणि त्या उद्यांचा संबंध आपण त्यास कोणत्याहि भाषेंत सांगूं शकत नाहीं. त्याच्या बाजूनें पाहिलें तर उपचार हीहि एक पीडाच आहे. ती देण्याचा अधिकार आपणांस आहे तो केवळ तिच्यामागें खरी आशा असेपर्यंतच. १९२८ मध्यें साबरमतीच्या आश्रमांत असह्य वेदनांनीं तळमळणारें एक वासरूं, उपाय खुंटल्यावर, गांधीजींनीं डॉक्टराकडून सुई देववून मरूं दिलें; त्यावर देशभर केवढें काहूर उठलें! अहिंसेच्या उपासकानें गोवत्साची हत्या केली, असे आरोप झाले. त्या वादांत कोणाची बाजू शास्त्रशुद्ध होती याचा निर्णय मी करीत नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं, तो निर्णय घेतांना वासराचा उपयोग किंवा स्वतःचें समाधान, या दोहोंपैकीं कशाचाहि लोभ त्यांच्या मनांत नव्हता. ज्यास आपण वाचा दिली नाहीं त्याच्या वतीनें बोलावयाचें असेल, तर आधीं स्वतःचा आवाज बंद करावा लागतो.

शेवटीं एक घटना सांगतों, जिच्यामुळें हा लेख लिहिण्यास मी प्रवृत्त झालों. हा जीव मनुष्यास बाधत नाहीं असा समज होता. कारण मानवी रक्तांत त्यास मारणारें एक द्रव्य असतें. परंतु २००४ मध्यें आपल्या विदर्भांतील एका शेतकऱ्यास लाटेलाटेनें ताप येऊं लागला आणि त्याच्या रक्तांत इव्हान्सचा तोच जीव सांपडला. जगांतील वैद्यांचें लक्ष तिकडे वेधलें. पुढील संशोधनांत असें आढळलें कीं, तें संरक्षक द्रव्य त्याच्या रक्तांत जन्मतःच नव्हतें. त्याच्या मेंदूंत जीव शिरले आहेत कीं काय, हें आधीं पाठीच्या कण्यांतील पाणी काढून पाहिलें. ते तेथें नाहींत अशी खात्री झाल्यावर सुरामिन दिलें. आणि तो बरा झाला.

रोग तोच, जीव तोच, औषधहि तेंच. पण येथें ‘बरा’ या शब्दाचा अर्थ किती निराळा आहे पहा! आडोशापलीकडे काय आहे हें पाहिल्यावांचून कोणीं पुढचें पाऊल टाकलें नाहीं. हा पुन्हा नांगर धरील कीं नाहीं, हा प्रश्न त्यास औषध द्यावें कीं नाहीं हें ठरवितांना कोणीं विचारला नाहीं. आणि मनुष्य व घोडा यांत भेद असणारच, हें मी नाकारीत नाहीं. प्रत्येक टांग्याच्या घोड्यासाठीं जगांतील वैद्य धांवणार नाहींत, आणि धांवावेत असेंहि माझें म्हणणें नाहीं. परंतु भेद साधनांत असावा, अर्थांत असूं नये. जेवढें करतां येईल तेवढें कमी करावें लागलें तर तसें म्हणावें. पण जें झालें नाहीं त्यास ‘बरा झाला’ म्हणूं नये. वाट पाहणें शक्य असेल तेथें वाट पाहावी. नसेल तेथें घेणाऱ्यास खरें सांगावें. आणि आशा उरली नसेल तेथें शेवट दुसऱ्याच्या अंगणांत न ढकलतां आपल्या दारांत, आपल्या डोळ्यांदेखत होऊं द्यावा. यांतील एकाहि गोष्टीस धन लागत नाहीं असें नाहीं. पण तिन्हींस मिळून जें लागतें तें धनाहून दुर्मिळ आहे.

माझ्या वडिलांस मीं ही गोष्ट कधीं विचारली नाहीं. त्यांच्या अखेरच्या दुखण्यांत, औषधानें जरा उतार पडला असतां, भेटावयास आलेल्यांस मी उत्साहानें सांगत होतों, “आतां बरे आहेत.” वडिलांनीं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलें आणि क्षीण आवाजांत म्हणाले, “मला विचार.” त्यांच्या मनांत तेव्हां तो घोडा होता असें मी समजत नाहीं. माझ्या मनांत मात्र होता. घोड्यास तें म्हणतां आलें नव्हतें, आणि त्याच्या वतीनें तें म्हणणारा जो एक मुलगा त्या भट्टीपाशीं उभा होता, तो गप्प राहिला. त्या छकडेवाल्यास जें सांगावयाचें राहिलें, तें आज येथें सांगितलें आहे. फार उशीर झाला आहे, हें मी जाणून आहें.